एकमेकांचं न ऐकणारी दोन माणसं

संशोधनासाठी मला अशी दोन माणसं हवी होती, जी एकाच खोलीत, एकाच वेळी, मोठ्यानं बोलतील आणि एकमेकांचं अजिबात ऐकणार नाहीत. लॅबमध्ये हे काही केल्या जमेना. बरोबरच्या दोघांना वेगवेगळी वर्तमानपत्रं वाचायला बसवलं, तर एकाला हसू फुटायचं आणि दुसराही थांबायचा. दुसऱ्याचा आवाज कानावर पडला की माणूस नकळत स्वतःचा आवाज सावरतो, हे मला तेव्हा कळलं आणि त्याचा भयंकर राग आला. मग एका संध्याकाळी घरी चहा पिताना लक्षात आलं, की मला हवी तशी दोन माणसं कित्येक वर्षं माझ्याच घरात राहताहेत.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची, कलकत्त्यातली. बाबा बँकेत अधिकारी, बदली होऊन आलेले. भवानीपूरला एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर आम्ही तिघं भाड्यानं राहत होतो. मी तिथेच एम.एस्सी. करून पीएच.डी.ला लागले होते. माझा विषय असा: दोन माणसं एकदम बोलताहेत, खोलीत दोन मायक्रोफोन आहेत आणि दोन्हींत दोघांचे आवाज मिसळून आलेत. कुणाचा आवाज कशात किती मिसळला, हे आपल्याला ठाऊक नाही. तरीही ते सुटे करून दाखवायचे. आज याला ‘ब्लाइंड सोर्स सेपरेशन’ असं भारदस्त नाव आहे, आणि कॉम्प्युटर ते चुटकीसरशी करतो म्हणे. आमच्याकडे होती हातानं जोडलेली सर्किटची एक पेटी. तिचं बटण फिरवत एका मायक्रोफोनमधून दुसऱ्याचा थोडा थोडा अंश वजा करत जायचं, नको तो आवाज बुडेपर्यंत.

तर घरातली ती दोन माणसं. दिवेलागणीला आई देवापुढे दिवा लावून स्तोत्र म्हणायची. बाबा त्याच वेळी, त्याच खोलीत, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसून बंगाली मुलांचं पहिलीचं पुस्तक वाचायचे. बदली झाली तेव्हा त्यांनी ठरवलं होतं, की ज्या गावात पगार घ्यायचा त्या गावातल्या पाट्या तरी आपल्याला वाचता आल्या पाहिजेत. पाट्या वर्षभरात यायला लागल्या, पुस्तक मात्र सुटलं नाही. आणि वाचायचं ते मोठ्यानंच, ही त्यांची शाळेपासूनची खोड. झाड, मासा, होडी असले सुटे शब्द: “गाछ. माछ. नौका.” की तिकडून आईची संस्कृत ओळ, की पुन्हा “पाखी. नदी.”

बाबा देव मानत नसत आणि तसं सांगायची एकही संधी सोडत नसत. “तुझ्या देवाला माझ्या गाछ-माछचा त्रास होतो, असं त्यानं स्वतः सांगितलंय का?” असं ते विचारायचे. आई स्तोत्राच्या मध्ये बोलत नसे. मध्ये कुणी टोकलेलं, सांगितलेलं, चुकलेलं सुधारलेलंही तिला खपत नसे. त्यामुळे बाबांना उत्तर मिळायचं ते नंतर, स्वयंपाकघरात, तव्यावर आपटलेल्या पोळीतून. मी बाबांच्या पंथातली. स्तोत्र माझ्या कानांवरून वर्षानुवर्षं गेलं होतं, पण पाठ नव्हतं. माझ्या लेखी त्यात गाछ-माछ कायमचं कालवलेलं होतं.

दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर मी लॅबमधला दोन ट्रॅकचा टेपरेकॉर्डर हातरिक्षातून मांडीवर घेऊन घरी आणला. एक मायक्रोफोन देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला टांगला, दुसरा बाबांच्या खुर्चीच्या हाताला बांधला. आई म्हणाली, “काय दाखवणार आहेस तुझ्या सरांना? आमचं भांडण?” बाबा मात्र खूश होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आवाज टेप व्हायचा म्हणून. मी मशीन घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसले. खोलीत ते दोघंच होते. शेजारच्या घरांमधून संध्याकाळचे शंख वाजले, आईनं सुरुवात केली, बाबांनी पुस्तक उघडलं आणि माझं काम झालं.

माझे सर वयस्क बंगाली गृहस्थ होते. विद्यार्थिनींना ते ‘मा’ म्हणायचे, आणि काम कितीही झालेलं असो, प्रबंधाचा आराखडा हातात आल्याशिवाय त्याकडे बघायचे नाहीत. त्यातही त्यांची एक रीत होती. इतिहास, प्रयोग, निष्कर्ष हे सगळं नंतर. सगळ्यांत आधी एका कागदावर आपण काय काय गृहीत धरलंय ते लिहायचं. “प्रबंध मरतो तो तिथेच मरतो, मा,” ते म्हणायचे. मी लिहिलं: प्रकरण दुसरं, गृहीत पहिलं. दोन्ही आवाज एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. एकाला दुसऱ्याची दखल नाही.

“खात्री आहे?” सरांनी विचारलं.

“सर, माझे आईबाबा आहेत ते.”

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. आराखड्याचं पाचवं प्रकरण मी ‘खऱ्या खोलीतले खरे आवाज’ असं ठेवलं आणि ते लिहायचं शेवटी ठरवलं.

माघात बाबा गेले. ऑफिसातून निघाले, ट्रामच्या स्टॉपवर बसले, ते उठलेच नाहीत. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

पुण्याहून माणसं आली आणि गेली. मला वाटलं होतं, आई आता देवालाही सोडेल किंवा त्याला घट्ट धरून तरी बसेल. तसं काहीच झालं नाही. दिवस झाल्यावर एका संध्याकाळी तिनं नेहमीसारखा दिवा लावला आणि स्तोत्र सुरू केलं. मी स्वयंपाकघरात होते. आवाज जरा बारीक होता, पण नीट चालला होता, आणि मध्येच थांबला. मी वाट पाहिली. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली आणि पुन्हा त्याच जागी थांबली. मी दारातून पाहिलं, तर आई हात जोडून बसली होती आणि तिचे डोळे उघडे होते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. लहानपणापासून म्हणत आलेली बाई, स्वयंपाक करता करता उलटं म्हणून दाखवील अशी, आणि रोज एकाच जागी अडत होती. मी देव्हाऱ्यातलं छापील पुस्तक काढून तिच्यापुढे धरलं, तर तिनं ते झिडकारलं. “त्यात वेगळं आहे. माझ्या आईनं शिकवलं तसंच मी म्हणणार.” मी पाहिलं तर खरंच, पुस्तकातल्या दोन ओळी ती उलटसुलट म्हणायची. दुसरी आधी, पहिली नंतर. आणि अडायची ती बरोबर त्यांच्यापुढे, जिथून मूळ वाट पुन्हा पकडायची तिथे. मी पुढची ओळ वाचून दाखवायला तोंड उघडलं, तशी ती कडाडली, “मध्ये बोलायचं नाही!”

मग त्या रात्री जेवताना ती आपणहून बोलली. “मीच बोलले होते मध्ये. आदल्या दिवशी.” बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना सर्दी झाली होती आणि ते घसा फोडून वाचत होते. आईनं जन्मात पहिल्यांदा स्तोत्र मध्येच तोडलं आणि म्हणाली, एक दिवस तरी गप्प बसाल का? बाबांनी पुस्तक मिटलं. “आणि बसले गप्प,” आई म्हणाली. “आता देव मला पुढे जाऊ देत नाही.”

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. मी काय बोलणार होते? असं काही नसतं, एवढंच म्हणाले, आणि माझा मलाच तो आवाज पोकळ वाटला. संध्याकाळ झाली की मला त्या घराची भीती वाटायला लागली. गल्लीत एकामागून एक शंख वाजायचे, आई सुरुवात करायची, आणि मी गॅसपाशी उभी राहून ती जागा यायची वाट बघायचे. खिडकीजवळची खुर्ची कुणी हलवली नव्हती. आई खोलीतून जाताना तिला वळसा घालून जायची, तीत कुणी पाय पसरून बसलेलं असावं तसा.

कॉलेजात आराखड्याची निकड लागली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तो समितीपुढे गेला नसता, तर वर्ष गेलं असतं. पाचवं प्रकरण टेपवर अडलं होतं, आणि ती टेप लावायचं मला धैर्य नव्हतं. एका दुपारी मन घट्ट करून लावली. हेडफोन घातले, पेटीचं बटण हळूहळू फिरवत बाबांच्या मायक्रोफोनमधून आई वजा करत गेले. तिचा आवाज पातळ झाला, लांब गेला, बुडाला. आणि बाबा उरले. “गाछ. माछ.” कानाशी, एकटे, इस्त्रीचा शर्ट घातलेले. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

रडून झाल्यावर लक्षात आलं, की स्तोत्र पूर्ण गेलेलं नाही.

बाबांच्या शब्दांच्या मधल्या जागांत ते अजून होतं. अगदी बारीक, नुसता श्वास घासल्यासारखं. मी बटण थोडं पुढे नेलं, थोडं मागे. जाईना. आईचा आवाज पार बुडाला होता, तरी त्याखाली कुणीतरी स्तोत्र म्हणत होतं. मला वाटलं, भिंतींवरून आलेला आईचाच प्रतिध्वनी असणार. त्या दोन ओळी तिथेही उलटसुलटच होत्या. छापील पुस्तकातलं नव्हे, आईचंच स्तोत्र होतं ते. तेव्हा प्रतिध्वनीच, दुसरं काय? मी ऑसिलोस्कोप लावला. हिरव्या पडद्यावर वर आईची रेघ, खाली उरलेल्या आवाजाची. खालची रेघ वरच्या रेघेच्या किंचित मागे येत होती, प्रतिध्वनी यावा तशी. मला बरं वाटलं. मग त्या उलट्या ओळी आल्या, त्या संपल्या, आणि खालची रेघ वरच्या रेघेच्या आधी उठली.

मी टेप मागे नेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. आई त्या जागी क्षणभर थांबली होती, आणि ती म्हणायच्या आधी पुढची ओळ त्या कुजबुजीत आली होती. मूळ आवाजाच्या आधी येणारा प्रतिध्वनी जगात नसतो. मी हेडफोन काढून ठेवले आणि मागे वळून पाहिलं. भरदुपारी, लॅबमध्ये चार माणसं काम करत असताना, मला मागे वळून बघावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी एस्प्लनेडला ट्राम बदलताना मी दोन ट्रामा मुद्दाम सोडल्या. तरी घरी पोचले ती शंखांच्या वेळेलाच. आई म्हणत म्हणत त्या जागेशी आली आणि अडली. दिव्याची वात तेवढी हलत होती. त्या शांततेत मला वाटलं, आता ती कुजबुज येईल. मी दोन्ही हातांनी ओटा धरून उभी राहिले. काही आलं नाही. ते न येणंही मला सहन होईना.

सरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. आराखडा पुढ्यात ओढून पाचव्या प्रकरणावर पेन्सिल टेकवत म्हणाले, “दोन मायक्रोफोन, तीन आवाज. तुझी पेटी हे सोडवू शकत नाही. खोलीत कोण होतं?”

“कुणी नाही.”

“नीट आठव.”

“सर, मी दाराशीच होते. कुणी नव्हतं.”

खिडकीबाहेर कावळे ओरडत होते. सर बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिले. “तिसऱ्याला या आराखड्यात कुठे बसवणार आहेस, मा?” त्यांनी विचारलं. मग ते म्हणाले, “तो कोण आहे ते विचारत बसू नकोस. तो कधी गप्प असतो ते बघ.”

मी पुन्हा हेडफोन घातले. आता बाबा वेगळे आणि कुजबुज वेगळी, असं ऐकायचं ठरवलं. बाबा “नौका” म्हणाले, कुजबुज थांबली. बाबा थांबले, ती सुरू झाली. “पाखी” म्हणाले, थांबली. टेप संपेपर्यंत एकदाही दोघं एकदम बोलले नाहीत. एकदाही नाही. इतकं एकमेकांना सांभाळून तर एकच माणूस बोलू शकतो.

नेमकी तेव्हाच वीज गेली. कलकत्त्यात ते रोजचंच होतं. पण टेप फिरत होती, आणि बाबांचा आवाज माझ्या कानात खोल खोल होत गेला, एक शब्द लांबत लांबत विहिरीत उतरल्यासारखा झाला आणि बंद पडला. अंगावर काटा आला, पण मी भ्यायले नाही. मी त्या बंद मशीनसमोर बसून मोठ्यानं हसत होते, आणि शेजारच्या टेबलावरचा मुलगा काय झालं म्हणून विचारत होता, “दीदी, की होलो?”

आयुष्यभर देवाची टर उडवणारे माझे बाबा हातात बालवाचन धरून, मधल्या जागांत आईचं स्तोत्र म्हणत होते. तिच्याच चुकीसकट. ती कुठे अडते, हे तिच्या आधी त्यांना ठाऊक होतं. तिथे ती थांबताच ते तिला ओळ देत होते, इतक्या हळू की ती तिला आपलीच वाटावी.

टेपरेकॉर्डर आणि पेटी मी पुन्हा रिक्षातून घरी आणली. आईला म्हटलं, ऐक. ती नको म्हणाली. मी म्हटलं, नुसतं बाबांचं आहे, तुला काढून टाकलंय त्यातून. तेव्हा ती खुर्चीसमोर खाली बसली, भिंतीला टेकून. बाहेर उजेड उतरला होता. टेपमध्ये शंख वाजला आणि त्याच वेळी गल्लीतही वाजला. कुठला आत्ताचा आणि कुठला तेव्हाचा, मला सांगता येईना. मग खुर्चीच्या बाजूनं, जिथे मी मशीन ठेवलं होतं तिथून, बाबा वाचू लागले.

आई ऐकत होती. कुजबुज तिला माझ्यापेक्षा लवकर कळली. तिनं मान तिरकी केली, कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारल्यावर करतात तशी. तिचे ओठ हलायला लागले. त्या दोन ओळी झाल्या, ती थांबली, आणि मशीनमधून पुढची ओळ आली.

“हे...” आई म्हणाली.

मी मशीन बंद केलं. खोलीत अंधार झाला होता. दिवा लावायचं दोघींनाही सुचलं नाही.

“मला वाटायचं देव आठवण करून देतो,” ती म्हणाली. “त्या जागी नेहमी कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं व्हायचं. मी कधी कुणाला सांगितलं नाही.”

मला एकच विचारायचं होतं. “आई, त्या आदल्या दिवशी तू त्यांना गप्प बसा म्हणालीस, त्यांनी पुस्तक मिटलं. मग तू स्तोत्र पुढे म्हटलंस ना?”

“म्हटलं की.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“अडली नाहीस?”

“म्हणजे ते गप्प बसलेच नव्हते,” ती म्हणाली. मग अंधारात तिचं रडणं ऐकू आलं. बाबा गेल्यापासून ती माझ्यासमोर पहिल्यांदाच रडत होती.

आराखडा मी नव्यानं लिहिला. दुसऱ्या प्रकरणातलं पहिलं गृहीत खोडलं नाही, पण त्याच्यापुढे लगेच आमची खोली आणली: जिथे ते गृहीत टिकत नाही, तिथे काय उरतं. पाचवं प्रकरण दुसऱ्याला जोडलं गेलं आणि सगळा प्रबंध त्याच्यामागे फिरला. सरांनी वाचलं, सही केली आणि म्हणाले, “आता तो तिसरा बसला.”

ज्या दिवशी सही झाली त्या संध्याकाळी मी लवकर घरी आले. आईनं दिवा लावला. मी पहिल्यांदाच बाबांच्या खुर्चीत बसले आणि त्यांचं बालवाचन हातात घेतलं. आता मला ती ओळ पाठ होती. मनात ठरवलं होतं, की ती अडली तर बाबांसारखीच हळू, श्वासाएवढ्या आवाजात म्हणायची. आई म्हणत गेली. उलट्या ओळी झाल्या. ती थांबली. मी ओठ उघडले, पण आवाजच फुटला नाही. मी तशीच बसून राहिले, आणि आई सहज पुढे गेली. स्तोत्र पूर्ण झालं. तिनं नमस्कार केला.

उठताना माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, एवढ्या मोठ्यानं नको सांगूस. ते अगदी हळू सांगायचे.”

मी बरं म्हटलं.